पायाखालचा पत्रा

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत, दत्ताराम साळसकराच्या पडवीत, तीन मेलेली पॅडलं पडली होती आणि त्या तिघांतून एक जिवंत करायचं होतं. पॅडल म्हणजे ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला जे पायाने दाबतो आणि समोरच्या मोठ्या बेस ड्रमवर धप्पकन गोळा बसतो, ते. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं? पाय ठेवायची एक लोखंडी पट्टी, एक चामड्याचा पट्टा, एक स्प्रिंग, एक दांडी आणि दांडीच्या टोकाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोळा. पण त्यातलं एक जरी रुसलं तरी सगळं गाणं लंगडतं. आणि नवं विलायती पॅडल हवं तर घरातलं कोणीतरी बोटीवर नोकरीला पाहिजे. ते नसलं की माणूस भांडुपला यायचा, टेकडी चढायचा आणि दत्तारामाच्या नावाने हाका मारायचा.

दत्ताराम मालवणकडचा, आणि नोकरीने गिरणीवाला. साचेखात्यात फिटर. माग म्हणायचं पुस्तकात, गिरणीत त्याला साचाच म्हणतात. संप झाला, संपाचं पुढे काय झालं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, त्याचं रडगाणं इथे नको. गिरणी गेली आणि दत्ताराम मुलुंडच्या एका गाळ्यात प्रेसवर उभा राहिला. दिवसभर डब्यांची झाकणं पाडायची. ज्याने नुसत्या आवाजावरून कुठला साचा आजारी आहे ते ओळखलं, त्याने झाकणं पाडायची! जाऊ दे. पोट आहे, करावं लागतं. त्याचा खरा जीव रमायचा तो संध्याकाळी, पडवीत.

हा नाद त्याला लावला अंबादास तायडेने. अंबादास त्याच गिरणीतला, पण सूत कातायच्या रिंगखात्यातला. त्याचा बापही रिंगखात्यातच, कारण बापाच्या काळात त्यांच्या लोकांना साचेखात्यात पाऊल ठेवू देत नसत. साच्याच्या धोट्याला तोंड लावून धागा ओढावा लागायचा, मग धोटा बाटेल ना! गिरणी चालू असेपर्यंत दोघांची ओळख नुसती मान हलवण्यापुरती. दोस्ती झाली ती संपात, गेटवर बसून बसून. अंबादास ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. एकदा त्याच्या पॅडलचा पट्टा तुटला, तर दत्तारामाने घरात पडलेला साच्याचा चामडी पट्टा कापून तिथे बसवला. साच्यावर तो पट्टा दिवसभर हिसके खातो, पॅडलचं त्याला काय! अंबादासने वाजवून बघितलं आणि तो उडालाच. "दत्ता, अरे लोण्यावाणी चालतंय की हे, यार!" त्या एका वाक्यावर दत्ताराम विकला गेला.

मग अंबादासने अंधेरीपासून चेंबूरपर्यंतचे ड्रमवाले त्याच्याकडे धाडले. शिवणयंत्राची स्प्रिंग, सायकलचे छर्रे, जुन्या टोपीचा नमदा, जे हाताला लागेल ते. चोरबाजारातून मोडकी पॅडलं यायची, एकाचा सांगाडा, दुसऱ्याची दांडी, तिसऱ्याची पायपट्टी. बायको रत्नप्रभा आतून ओरडायची, "ओ, जेवचा नाय काय? त्या पॅडलाक काय मांडयेर घेवन निजतलात?" तो ओ द्यायचा आणि पुन्हा कानस घासायला लागायचा.

त्याचा एक नियम होता. ड्रमवाल्याने तक्रार सांगायची आणि दत्तारामाने ती लोखंडात शोधायची. शोधली की सापडतेच. गिरणीत तो हेच शिकला होता. सूत तुटतंय म्हणजे कुठेतरी कंगोरा आहे, बोट फिरव, सापडेल. माणसाला काय झालंय ते बघणं हे फिटरचं काम नव्हे.

आता बघा, अंबादासची तक्रार गेलं वर्षभर चालू होती. आधी म्हणाला, पॅडल जड वाटतं. दत्तारामाने स्प्रिंग ढिली केली. मग म्हणाला, हलकं वाटतं, पाय उडतो. स्प्रिंग बदलली. मग म्हणाला, पाय सरकतो. पट्टीवर खाचा पाडल्या. मग म्हणाला, "कसं सांगू तुला, पाय पट्टीवर आहे का नाही तेच कळत नाही." दुसरा कोणी असता तर दत्तारामाने त्याला टेकडीवरून खाली पाठवला असता. पण हा अंबादास होता. आणि त्याचं ते जुनं विलायती पॅडल, क्लबात वाजवणाऱ्या एका ख्रिश्चन ड्रमवाल्याने ऑस्ट्रेलियाला जाताना दिलेलं, त्याच्या सांगाड्याला आता तडा गेला होता. म्हणून ही तीन मेलेली पॅडलं जमवलेली.

"चौदा एप्रिलच्या आत दे," अंबादास म्हणाला. तो पडवीच्या कट्ट्यावर बसला होता, पायात कॅनव्हासचे बूट. "जयंतीला वस्तीत आपला प्रोग्रॅम. श्यामकांत पण ऐकायला येणार आहे."

श्यामकांत म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक. मुलुंडला राहायचा, तोंडाने गोड, हिशेबाने कडक.

"तो का येतोय? त्याचा प्रोग्रॅम थोडाच आहे?"

अंबादासने खाली बघितलं. "म्हणतो, तुझा ठेका मागे पडतो. म्हणतो, अंबादास, तू जुना माणूस आहेस, पण स्टेजवर जुनेपणा वाजत नाही. जयंतीला ऐकतो, मग ठरवतो म्हणाला." तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. "दत्ता, गिरणी गेली तेव्हा मी रडलो नाही. म्हटलं, जाऊ दे, ड्रम आहे. हे गेलं तर मग मी कोण रे?"

दत्तारामाने कानस खाली ठेवली. "मागे पडायला काय झालं? पॅडलचा दोष आहे. बघ तू, असं बनवून देतो की श्यामकांत तोंडात बोट घालील."

तो कामाला लागला तो खुळ्यासारखा. गाळ्यातून आला की पडवीत. एका पॅडलचा सांगाडा सरळ होता, तो घेतला. दुसऱ्याच्या आसाला नवे छर्रे घातले. पट्टा साच्याचाच, तेल पाजून मऊ केलेला. गोळ्याचा नमदा दोन वेळा बदलला. सगळं झालं, पॅडल बोट लावताच डोलायला लागलं. राहिली ती पायपट्टी. अंबादास बूट घालून पाय ठेवायचा, दोन ठोके मारायचा आणि मान हलवायचा. "सरकतोय." दत्तारामाने रबर चिकटवलं. "कळत नाही रे." रबर काढून जाड दोरा गुंडाळला. "नाही."

आणि मग दत्तारामाला साच्याचा रोलर आठवला. विणलेलं कापड ज्या रोलरवरून पुढे जातं, त्याला खवणीसारखा टोचऱ्या भोकांचा पत्रा गुंडाळलेला असतो, कापड सरकू नये म्हणून. कापडाची काय बिशाद सरकायची! गिरणी बंद पडताना त्याने आठवण म्हणून जे भंगार उचललं होतं त्यात असल्या पत्र्याचा एक तुकडा होता. त्याने तो पायपट्टीच्या मापाने कापला, कडा आत वळवल्या, चार रिबिटं मारली. बुटाचा रबरी तळ त्यावर असा बसला की ओढला तरी निघेना.

अंबादासने पाय ठेवला. खाली बघितलं. एक ठोका मारला, दोन, मग एक लांब ठेका धरला. दत्ताराम त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"लागतंय," अंबादास म्हणाला. "आता लागतंय! झकास!"

दत्तारामाने आत हाक मारली, "गो, चहा टाक, साखर बरी घाल!" त्या वर्षात तो इतका खूश कधी झाला नव्हता.

जयंतीच्या संध्याकाळी दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून घाटकोपरला वस्तीत गेला. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, बायका पांढऱ्या साड्यांत. शकुने, अंबादासच्या बायकोने, त्याला बघितलं आणि पुढच्या रांगेत खुर्ची मोकळी केली. "या भावजी, तुमच्या पॅडलचं आज कौतुक आहे." शेजारच्या खुर्चीवर श्यामकांत पान खात बसला होता.

स्टेजवर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्त्या. आधी वंदना झाली, सगळे उभे राहिले, दत्तारामही. मग गाणारे-वाजवणारे एकेक करून स्टेज चढायला लागले. चढण्याआधी प्रत्येकाने चपला, बूट खाली काढले. बुद्ध आणि बाबासाहेब समोर असताना पायात घालून कोण चढेल? अंबादासनेही वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे बुटात कोंबले आणि अनवाणी वर गेला.

दत्ताराम त्या उघड्या पावलांकडे बघतच राहिला. पत्रा! तो पत्रा बुटासाठी होता. उघड्या पायाला तो म्हणजे नारळाची खवणी. गणपतीसमोर तो स्वतः कधी चपला घालून गेला नव्हता, तरी हे त्याच्या डोक्यात आलंच नाही! त्याने खुर्चीचे हात धरले, उठावं की काय. पण आता काय उठणार? गाणारा माइक हातात घेऊन उभा, समोर हजार माणसं. उठून काय सांगायचं? आणि त्याने मनाची समजूत घातली. अरे, टोचलं तर माणूस गप्प बसेल होय? रुमाल टाकील वर, नाहीतर पाय जरा बाजूला घेईल. पाय त्याचा, त्याला कळणार नाही तर कोणाला? दत्ताराम पुन्हा मागे टेकला.

आणि अंबादास काय वाजला त्या दिवशी! भीमगीतांचा तो दणका, आणि खालून बेस ड्रमचा ठोका, एक केसभर मागे नाही, पुढे नाही. म्हातारी माणसं मांडीवर हात मारत होती. पोरं नाचत होती. अंबादासने रुमाल टाकला नाही, पाय हलवला नाही. तो खाली, पायाकडे बघत होता, आणि हसत होता. दत्तारामाला वाटलं, बघ, उगाच घाबरलो. टोचत असतं तर हसला असता का? श्यामकांत वाकून त्याच्या कानात म्हणाला, "साळसकर, मान गये. याचे सगळे प्रोग्रॅम पक्के." दत्तारामाचे डोळे भरून आले. कार्यक्रम संपला तेव्हा अंबादासभोवती एवढी गर्दी होती की दत्तारामाने लांबूनच "जय भीम रे!" म्हणून हात केला आणि तो भांडुपला परतला.

मग काही दिवस अंबादास फिरकला नाही. दत्तारामाला वाटलं, प्रोग्रॅम असतील. एका संध्याकाळी श्यामकांत टेकडी चढून आला, घामाने भिजलेला, हातात कापडात गुंडाळलेलं पॅडल.

"जरा तेलपाणी कर याचं. नवीन माणूस वाजवणार आहे तोपर्यंत."

"नवीन माणूस? आणि अंबादास?"

"तुला माहीत नाही? हॉस्पिटलात आहे. पायाला काहीतरी लागलं म्हणे जयंतीला. चिघळलंय. वाट लागली रे बिचाऱ्याची." श्यामकांत खरंच हळहळला, आणि खरंच घाईतही होता. पॅडल ठेवून तो गेला.

दत्तारामाने कापड सोडलं. पत्र्याच्या भोकांत काहीतरी काळपट सुकलेलं होतं. त्याने उजेडात धरलं. रक्त होतं. आणि त्या वर आलेल्या दातऱ्यांना पांढुरकं, पापुद्र्यासारखं काही चिकटलं होतं. लोखंडावर बोट फिरवून दोष शोधणारा तो माणूस, त्याला बोट लावायचा धीर झाला नाही. तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला. रत्नप्रभा दिवा लावायला आली, तिने त्याच्या हातातलं बघितलं आणि तिला सांगावं लागलं नाही.

हॉस्पिटलात शकु बाहेरच्या बाकावर बसली होती. दत्तारामाला बघून तिला रडू कोसळलं. अंगठा काढला होता, मग अर्धं पाऊल, आणि आता डॉक्टर म्हणत होते, गुडघ्याखालून काढावा लागेल. एक तरुण डॉक्टरबाई आली, तिने शांतपणे सांगितलं, पेशंटला साखर आहे, म्हणजे मधुमेह, बरीच वर्षं असणार, कोणी तपासलीच नाही. साखरेने पायाची जाणीव जाते. "ते म्हणतात, पेंडॉलचा खिळा लागला. पण खिळ्याने भोक पडतं. यांचा तळवा किसला गेलाय. उघड्या पायाने कुठे चालले होते का?"

"नाही हो," शकु म्हणाली, "वाजवत होते नुसते."

डॉक्टरबाईने दत्तारामाकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं. पण शकु तिथेच उभी होती, पदर तोंडात धरून. त्याने तोंड मिटलं.

आत अंबादास खाटेवर पडला होता, तापाने ओठ सुकलेले. दत्तारामाला बघून तो हसला. "काय पॅडल बनवलंस यार! श्यामकांतचं तोंड बघितलंस का?" त्याने दत्तारामाचा हात हातात घेतला. "हे पायाचं होईल काहीतरी. पण त्या दिवसासारखं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं." दत्तारामाला तो हात सोडवून घ्यावासा वाटला, आणि लाजही वाटली त्याची. घरी येऊन त्याने छिन्नीने तो पत्रा उखडला आणि टेकडीमागच्या नाल्यात फेकून दिला.

"सांगून टाका त्याका," रत्नप्रभा म्हणायची. "पोटात ठेवन काय होतला?"

"सांगतो गो," तो म्हणायचा. आज पाय कापला, आज नको. आज ताप आहे, आज नको. आज घरी आणलाय, चार माणसं बसलीत, आज कसं सांगू? असे पावसाळ्याचे महिने गेले. तो दर रविवारी घाटकोपरला जायचा, केळी न्यायचा, साखर आहे म्हणून शकु ती शेजारी वाटून टाकायची, आणि तो काही न सांगता परत यायचा. भित्रा होता असं नाही. संपात पोलिसांच्या लाठ्या त्याने खाल्ल्या होत्या. पण तो हसरा माणूस हात धरून "काय पॅडल बनवलंस" म्हणाला की याची जीभ टाळ्याला चिकटायची.

दिवाळी झाली आणि अंबादासने निरोप धाडला. एक पाय आहे ना अजून? डाव्या पायाचं पॅडल बनव. झांजांचं काम डाव्या पायाचं, ते सोडून देतो, हाताने भागवतो. श्यामकांत म्हणालाय, वाजवून दाखव, लग्नाचे छोटे प्रोग्रॅम देतो. आणि तोच पत्रा बसव.

दत्तारामाने उरलेल्या दोन मोडक्या पॅडलांतून दुसरं उभं केलं. जुन्या पॅडलची स्प्रिंग उजव्या अंगाला असते, डावा घोटा तिला घासेल, म्हणून त्याने सगळा सांगाडा उलटा केला, आस फिरवला, नवी भोकं पाडली. घोट्याजवळ जे जे टोकदार होतं ते कानसून गोल केलं. पायपट्टीवर त्याने मऊ चामडं शिवलं, आतून कापसाचा थर. इतकं हळुवार काम त्याने कधी केलं नव्हतं. गोधडी शिवल्यासारखं ते पॅडल त्याने शिवलं.

रविवारी दुपारी तो ते घेऊन गेला. शकु मागच्या बाजूला मोरीत भांडी घासत होती. खोलीत कोपऱ्यात ड्रम मांडून ठेवला होता, पुसूनबिसून. अंबादास स्टुलावर बसला, कुबड्या भिंतीला लावल्या, आणि डावा पाय उचलून पॅडलवर ठेवला. ठोका मारला. परत मारला. मग थांबला.

"पत्रा कुठाय?"

"नाही बसवला. चामडं लावलंय. चांगलं आहे, वाजव तर."

"वेडा झालास का? पाय कुठे आहे ते कळायला नको?" आणि तो पुन्हा वाजवायला लागला, मान खाली घालून, डोळे पायावर.

दत्ताराम बघत राहिला. गिरणीत नवा माणूस आपल्या हातांकडे बघून काम करतो, जुना कधी बघत नाही. वीस वर्षं ड्रम वाजवणारा माणूस पायाकडे का बघतोय? जयंतीलाही बघत होता. पडवीत पण, त्या दिवशी. दत्ताराम पुढे सरकला.

"अंबादास, डोळे मिट जरा."

"कशाला?"

"मिट रे. पट्टी बसवायची आहे नीट." अंबादासने डोळे मिटले. दत्ताराम त्याच्या पायाशी बसला. "आता तळव्याला बोट लावतो. कुठे लावलं ते सांग. लागतंय?"

"हां. लागतंय की."

"कुठे?"

"टाचेला."

दत्तारामाने कुठेच बोट लावलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात त्याच्याच गुडघ्यांवर होते. अंबादासने डोळे उघडले आणि ते हात बघितले. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"डॉक्टरबाईने तपासला असेल ना हा पाय? तिला पण असंच सांगितलंस?"

"कापूस फिरवत होती," अंबादास हळू म्हणाला. "म्हटलं, लागतंय. काय सांगू? नाही म्हटलं तर हा पण कापतील. मग श्यामकांत काय, कुत्रं विचारणार नाही मला."

आता मात्र दत्तारामाचा बांध फुटला. "अंबादास, तुझा पाय खिळ्याने नाही गेला. माझ्या पत्र्याने गेला. बुटासाठी केला होता रे, तू अनवाणी चढलास. मी समोर बसलो होतो. बघितलं मी. उठायला हवं होतं. म्हटलं, टोचलं तर हा पाय काढील. नंतर त्या पत्र्यावर तुझं कातडं बघितलं आणि तरी महिनोन्‌महिने तोंड शिवून बसलो. मार मला, काय करायचं ते कर." तो लहान मुलासारखा हुंदके देत होता, पन्नाशीचा बाप्या.

अंबादास रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दत्ता, त्या दिवशी तुझ्या पडवीत मी लागतंय म्हटलं ना? तेव्हाही काही लागलं नव्हतं." त्याने कपाळावरून हात फिरवला. "रबर लावलंस, दोरा गुंडाळलास, मग तो पत्रा. तुझ्या तोंडाकडे बघवेना. एवढा जीव काढतोय माणूस, आणि मी नाही-नाही काय म्हणू? म्हटलं, पत्र्याने पाय सरकत तरी नाही, बाकी बघून बघून वाजवीन. कळतंय कोणाला."

दत्तारामाला वाटलं, आपल्याला कोणीतरी उचलून जमिनीवर आपटलं. त्याने वर्षभर लोखंडात शोधलं, आणि हा वर्षभर त्याला शोधू देत होता. एक शब्द, एक नाही म्हटलं असतं अंबादासने, किंवा आपण एकदा विचारलं असतं, पाय दाखव तुझा. विलायती डॉक्टर लागत नव्हता त्यासाठी.

तो उठला. "वहिनी!" त्याने मागे तोंड करून हाक मारली. "जरा बाहेर या."

"दत्ता, नको," अंबादास कुजबुजला. "तुझ्या पाया पडतो. ती मला हॉस्पिटलात नेईल. महिनाभर थांब. एक लग्न वाजवू दे."

"वहिनी, या लवकर!"

शकु ओले हात पदराला पुसत आली. अंबादासने चेहरा सावरला, तो हसलाही. "काही नाही गं. पॅडल आणलंय याने. झकास झालंय. एकदम लागतंय."

"खोटं बोलतोय तो, वहिनी," दत्ताराम म्हणाला. "डाव्या पायातलंही सगळं गेलंय त्याच्या. डॉक्टरला पण खोटं सांगितलंय. आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे."

शकुने नवऱ्याकडे बघितलं. ती जमिनीवर बसली, पॅडलवरचा तो पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि तळवा दाराच्या उजेडाकडे वळवला. टाचेच्या कडेला रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, आत काळी. दोन-चार दिवसांची तरी असेल. शकुने मान वर करून दत्तारामाकडे बघितलं.

अंबादास स्टुलावरून वाकला, पण त्याला स्वतःचा तळवा दिसत नव्हता.

"काय आहे?" त्याने विचारलं. "काय झालं?"